पाहिलं की ऐकलं?

काल तुम्ही कोणाविषयी जे सांगितलंत, ते पाहिलं होतं, की नुसतंच ऐकलं होतं?

हा प्रश्न आमच्या गावच्या दफेदार आबांचा. मूळचे हट्टा गावाकडचे आबा अठरा वर्षं निजामाच्या घोडदळात होते. चावडीवर कोणी बातमी आणली की ते बोट वर करत, "पाह्यलं का ऐकलं?" म्हणत. कळमनुरीचा बाजार बंद पडला, असं मी एकदा सांगितलं.

"कोन म्हनलं?"

"गाडीवान."

"मंग गाडीवानाचं सांग. बाजाराचं सांगू नको."

त्यांच्या रिसाल्यातली घोडी गेली आणि चिलखती मोटारी आल्या, तेव्हा भलेभले जवान पागेत रडले. रडलात का, असं विचारलं तर आबा म्हणत, "रडलो की. पन काम तेच ऱ्हायलं. फौजेच्या म्होरं जायचं, पाहायचं, माघारी येऊन खरं सांगायचं. रिसाला म्हंजे फौजेचे डोळे. डोळाच खोटं बोलला तर फौज खड्ड्यात."

मी तेव्हा पत्रकं लिहून वाटायचो. निजामाची सत्ता गेली त्या आठवड्यात गावभर माझं पत्रक फिरत होतं. पिंजारी आळीत निजामाच्या टोळ्यांच्या बंदुका कापसाखाली पुरल्यात, असं मी लिहिलं होतं. त्या टोळ्यांचा जुलूम वर्षभर सोसलेले लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पारावर जमले. आळीतली दारं बंद झाली.

आबा आले. "दमा. फौज निघायच्या आधी रिसाला जातो." आणि ते एकटेच आळीत शिरले.

घटकाभरानं परतले तेव्हा मिशांना कापूस चिकटला होता. "सगळे ढीग पाह्यले. पिंजायच्या कमानी हायत. बाया-लेकरं भेदरून बसलीत. बंदूक न्हाई."

"आबा, म्हातारपणी नजर गेली काय?" गर्दीतून एक जण हसला.

"गेली असंल. हात हाय ना बराबर! खांद्यापस्तोर घातला."

मग पत्रक माझ्यापुढं धरून म्हणाले, "लेका, तुझंच हाय. तू पाह्यलं व्हतं?"

माझी मान खाली गेली. "न्हाई, आबा."

"मला नको सांगू. ह्या समद्यांला सांग."

पारावर चढून मी मोठ्यानं सांगितलं, "मी पाहिलं नव्हतं. ऐकलं आणि लिहिलं." शिव्या पडल्या, एक ढेकूळही लागलं. पण काठ्या खाली आल्या. एकेक माणूस घरी गेला.

त्याच हिवाळ्यात आबा वारले. पत्रकं मी अजूनही लिहितो, तितक्याच जळत्या शब्दांत. पण आधी चालत जातो.

तुमच्याकडं मागणं एकच आहे. एखाद्या घराविषयी वाईट बातमी हाती आली, तर ती पुढं देण्याआधी त्या दारापर्यंत जा. खांद्यापर्यंत हात घाला. मग बोला.