फटीत अडकलेला फासा

आमच्या आतोबांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या उस्मानपुऱ्यात नव्हता, कारण स्वतःच्या मनाने त्यांनी कधी काही ठरवलंच नाही. शाळेत ते गणित शिकवत आणि घरात फाशावर चालत. फासा कायम सदऱ्याच्या खिशात. आमच्याकडे आल्यावर आईने चहाचं विचारलं, की तो जमिनीवर आलाच. "एक पडला तर चहा, दोन पडला तरी चहा. दोन्ही एकदम पडायचे नाहीत, म्हणून शक्यता मिळवायच्या. सहांत दोन," असं तिला नीट समजावून सांगत, आणि पाच पडला की कोरड्या घशाने उठून जात. आई बिचारी आधण उतरवून ठेवी.

यात फरफट व्हायची ती आत्याची. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण; तिचं माहेर पैठणचं, तिथे एकुलता एक सख्खा भाऊ, आणि भाऊबीजेला त्याच्याकडे जायचं की नाही हेही फाशावर. आतोबा पैठणला दोनच आकडे देत. आत्याने भांडून भांडून तिसरा मिळवला होता, तरी दर दिवाळीला घरचाच आकडा पडे. ती मुकाट्याने भरलेली पिशवी रिकामी करी आणि मग भांडी जरा जोरात घाशी.

एका भाऊबीजेला मी तिथेच होतो. फासा घरंगळत गेला आणि दोन फरशांमधल्या फटीत तिरपा अडकला. वर तीनही दिसत होता आणि पाचही. तीन म्हणजे पैठण, पाच म्हणजे घर. आतोबा पालथे पडून बघत राहिले.

"असं होतच नसतं," ते म्हणाले.

"झालंय की," आत्या म्हणाली. "तुम्ही घरी बसा, मी पैठणला जाते." आणि पिशवी उचलून ती निघालीसुद्धा.

दुपारभर आतोबा विनाकारण स्वयंपाकघरात डोकावत होते. शेवटी त्यांनी टोपी चढवली. "ती तिथं अन् मी इथं, या दोन गोष्टी एका वेळी घडूच शकत नाहीत," असं मला सांगून त्यांनी, जन्मात पहिल्यांदा फासा न टाकता, पैठणची एसटी गाठली.

आता आत्या नाही. फासा अजून त्या फटीतच आहे, झाडू त्याला वळसा घालून जातो. परवा गेलो तेव्हा आतोबांनी न विचारताच चहा टाकला. कप पुढे करून म्हणाले, "ती नाय अन् मी हाय. हे एका वेळी कसं घडू लागलं, तेवढं समजंना बाबा."

मला फार वाईट वाटलं. चहात साखर दोनदा पडली होती, तरी मी तो सगळा प्यायलो.