वायरमनताई आणि साहेबांची खाज

छापखान्यात नवीन माणूस लागला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी तिला विचारायचा, “ताई, वायरमन कुठे भेटतील?” ती खिशातला टेस्टर काढून त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, “भेटले. बोला.” जुनी माणसं मशीनच्या आड उभी राहून ही गंमत बघायची. बावीस वर्षं झाली तरी या खेळाची गर्दी ओसरली नव्हती. तिचं नाव मात्र त्यातूनच पडलं. वायरमनताई.

तिची ख्याती अशी, की अडून बसलेलं मशीन तिला बघूनच सुतासारखं सरळ होतं. जादूबिदू काही नव्हती. तिला हाताखाली घेणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. आणि ते कळलं नाही तर उद्या परत बंद पडतं. दुसरी गोष्ट कुलपाची. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि त्याला कुलूप ठोकायचं. चौघं काम करत असतील तर चार कुलपं, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. मालक आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. मिस्त्री तिसरीही एक गोष्ट सांगायचे, पण ती चुका करणाऱ्यांसाठी आहे असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

हे सगळं शास्त्र एका कुत्र्याला लावायची वेळ येईल, असं मिस्त्रींच्याही स्वप्नात आलं नसेल.

कुत्रा बाबांचा. तिचे बाबा छत्तीस वर्षं रेकॉर्ड खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तांबूस रंगाचं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं साहेब. “जन्मभर सरकारच्या साहेबांपुढे माना डोलावल्या. एक साहेब माझा स्वतःचा असू दे की.” आणि साहेब म्हटल्यावर अरेतुरे कसं करणार? त्यामुळे बाबांच्या दोन खोल्यांत दिवसभर “साहेब, जरा सरकता का?”, “साहेब, आज मूड नाही वाटतं?” असं चाललेलं असायचं. आई गेल्यावर तर बाबांचं बोलणं म्हणजे साहेबांशीच बोलणं.

गेल्या वर्षभरापासून साहेबांना खाज सुटली होती. आधी पंजे चाटणं. मग कान लाल. मग पोटावरची कातडी गुलाबी, काखेतले केस गळालेले, आणि अंगाला एक आंबूस वास. रात्रभर खरखर, खरखर. बाबा उशाशी बसून त्यांचे पंजे धरून ठेवायचे. दोघांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

एका रविवारी तिचा मोठा भाऊ बाबांकडे आला, तो ठरवूनच.

“शहराबाहेर माझ्या मित्राची रोपवाटिका आहे,” दादा म्हणाला. “मोकळी जागा आहे. तिथे सोडू याला.”

बाबांनी पाय थोडे पसरले, साहेबांना टेकता यावं म्हणून.

“सोडू म्हणजे?” तिने विचारलं. “खाज काय पत्ता विचारून येते? तिथेही खाजवेलच की.”

“तिथे बाबांची झोप मोडणार नाही.”

“दादा, पंखा आवाज करतो म्हणून घरातली वीज कोणी तोडतं का? फॉल्ट शोधायचा असतो.”

“अगं, हा कुत्रा आहे, मोटर नाही!”

“मोटर तर बोलतही नाही. हा निदान दाखवतो तरी, कुठे खाजतंय ते. आठ आठवडे दे मला.”

“आठ. नववा नाही,” दादा म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांना उभं-आडवं तपासलं. बारीक कंगव्याने केस विंचरले, निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला. लाल झाला असता तर ती पिसवांची घाण. तो काळाच राहिला. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. त्वचेतले किडेही नाहीत. कानात थोडी बुरशी होती, तिला थेंब दिले. आंघोळीचं औषध दिलं आणि बजावलं, “फेस दहा मिनिटं अंगावर तसाच ठेवायचा. घाईने धुतलात तर फुकट.”

“मग उरलं काय?” तिने विचारलं.

“ऍलर्जी. बहुधा खाण्यातली. ती रक्त तपासून धड कळत नाही. यांनी जन्मात न खाल्लेलं एक मांस आणि एक कंद घ्यायचा. आठ आठवडे तेवढंच. दुसरं काही म्हणजे काहीही नाही. बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. आराम पडला की मग जुनं एकेक देऊन बघायचं.”

“म्हणजे मेन पाडायचा आणि मग एकेक फ्यूज टाकत जायचं.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “अगदी. तुम्ही काय करता?”

“तेच.”

साहेबांनी मासा कधी खाल्ला नव्हता, रताळंही नाही. ते ठरलं. साहेबांचे टोस्ट, हाडं, बिस्किटं असा सगळा खजिना पत्र्याच्या एका पेटीत असे. तिने पेटीच्या कडीत छापखान्यातली सहा भोकांची पट्टी अडकवली आणि तिला चार कुलपं लावली. एक तिचं, एक बाबांचं, एक दादाचं, आणि एक शेजारच्या काकूंचं. कारण काकू येता-जाता साहेबांना पावाच्या कडा टाकायच्या. काकूंनी किल्ली पदराला बांधली आणि त्या अशा चालू लागल्या, जणू बँकेची तिजोरी त्यांच्याच ताब्यात आहे. पेटीवर तिने लाल पाटी टांगली : माणूस कामावर आहे. चालू करू नये.

बाबांनी नियमांचा कागद मागितला. जाड चष्मा नाकावर ओढून नीट वाचला आणि खाली सही ठोकली. वाचले, समजले.

ती रोज कामावरून सुटली की तिथे यायची आणि पाच ते सहा वही घेऊन बसायची. साहेब खाजवले की एक रेघ. पहिल्या दिवशी त्रेचाळीस. चार आठवड्यांनी एकोणचाळीस.

“वा!” दादाने वही बघितली. “चार आठवड्यांत चार कमी. या वेगाने आपण सगळे म्हातारे होऊ, मग साहेब बरे होतील.”

“मेन बंद झाल्यावर मशीन आपोआप थोडा वेळ फिरतं,” ती म्हणाली. पण मनात तिलाही ते पटलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात केस जाऊ नयेत म्हणून बाबा दोन आठवडे दादाकडे राहिले, आणि ती साहेबांना सांभाळायला बाबांच्या घरी. तोच मासा, तेच रताळं, तीच चटई, तेच औषध. आणि वहीतल्या रेघा घसरायला लागल्या. एकतीस. बावीस. बारा. पोटाचा गुलाबीपणा गेला. साहेब रात्रभर घोरले.

बाबा हिरवा चष्मा लावून परत आले. साहेबांनी शेपटीने स्टूल पाडलं. आणि पाचव्या दिवशी वहीत सदतीस रेघा होत्या.

दादा वही बघून मोठ्याने हसला. “घ्या! सापडला तुझा फॉल्ट. बाबांचीच ऍलर्जी आहे त्याला!”

तो थट्टा करून निघून गेला. थट्टा मात्र घरातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली तर दाराशी गाठोडं. साहेबांची चटई घडी घालून, वर वाटी, वर पट्टा. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, ऑफिसात बसायचे तसे.

“दादाला फोन लाव. म्हणावं, घेऊन जा.”

“बाबा, दादा काहीही बोलतो.”

“तो बोलला असेल काहीही. वही खोटं बोलते का? अक्षर तुझंच आहे ना? मी होतो तेव्हा एकोणचाळीस. नव्हतो तेव्हा बारा. आलो, सदतीस.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “माझ्यापायी त्यांनी कातडी सोलून घ्यायची, हे बरं नाही. साहेबांची बदली करून टाक.”

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“बाबा, नीट ऐका. मागे आमच्या कापायच्या मशीनचा फ्यूज दुसऱ्या पाळीतच उडायचा. सगळे म्हणाले, त्या ऑपरेटरचा पायगुण. त्याला हलवला, फ्यूज उडायचा थांबला. आता बोला.”

“मग? पायगुणच.”

“तो जाताना त्याचा टेबलफॅनही घेऊन गेला होता. त्याची वायर सोललेली होती. माणूस काढल्यावर फॉल्ट गेला, म्हणून माणूस फॉल्ट होत नाही. त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, ते बघायचं.” तिने वाटी उचलून जागेवर ठेवली. “उद्या मी रजा टाकते. सकाळपासून इथे बसते. तुम्ही रोज जे करता तेच करायचं. मी इथे नाहीच असं समजा.”

“एवढी मोठी तू, नाही कसं समजू?” बाबा पुटपुटले. पण त्यांनी गाठोडं आत नेलं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. बाबांनी दाढी केली. साहेबांनी साबणाला तोंड लावलं नाही. बाबांनी पेपर वाचला, साहेबांना त्यातलं निवडक ऐकवलं. बाबांनी जेवताना खाली कणही सांडला नाही. काकू दारातूनच किल्ली वाजवून “सगळं बंद आहे ना?” विचारून गेल्या. दुपारचे तीन वाजले. वहीत खाजेच्या रेघा होत्या, फॉल्टचं पान मात्र कोरं.

साडेतीनला बाबांनी चहा टाकला. कपात ओतला, अर्धा. उरलेला बशीत. बशीवर दोनदा फुंकर मारली, वाकून ती खुर्चीखाली सरकवली, आणि स्वतःचा कप घेऊन बसले. खुर्चीखालून लपलप आवाज आला.

ती उभी राहिली.

“बाबा, हे काय?”

“काय?”

“हे! खाली!”

“चहा.”

“कोणाला?”

“साहेबांना. मला काय दोन तोंडं आहेत?”

“बाबा, तुम्ही सही केलीये! दुसरं काही म्हणजे काही द्यायचं नाही!”

“दिलंय का काही? पाच आठवड्यांत पावाचा तुकडा दिला नाही मी.” बाबा खरोखर दुखावले होते. “हा नुसता चहा आहे. घरी कोणी आलं की आपण विचारत नाही का, काही घेणार की नुसता चहा? नुसता चहा म्हणजे काही नाहीच की.”

तिने कपाळावर हात मारला. “त्यात दूध असतं, बाबा! रोज देता?”

“दुपारी एकदा, तू येण्याआधी. संध्याकाळी एकदा, तू गेल्यावर.”

“आणि हे कधीपासून?”

बाबांनी तिच्याकडे आश्चर्याने बघितलं. “तूच नाही का सांगितलंस?”

“मी?”

“गेल्या वर्षी. छातीत जळजळ व्हायची तेव्हा. इथेच उभी होतीस, कमरेवर हात ठेवून. ‘बाबा, आजपासून अर्धा कप.’ आता अर्धा कप चहा कधी धड होतो का? आटून काढा होतो. आणि टाकून देणं जिवावर येतं. मग अर्धा मी, अर्धा साहेब. तुझा शब्द एक दिवस मोडला नाही मी.” ते जरा थांबले. “दादाकडे सूनबाई पूर्ण कप द्यायची. तिथे मी बोललो नाही काही.”

ती मटकन स्टुलावर बसली. वहीचं पहिलं पान उघडलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : खाज सुरू, गेल्या वर्षी, बाबांची जळजळ थांबली त्या सुमारास.

मिस्त्रींची तिसरी गोष्ट तिच्या कानात खणखणली. ते रागावले की टेबलावर पक्कड आपटून सांगायचे, “आधी हे बघ, शेवटचा हात कोणी लावला होता!” चुका करणाऱ्यांसाठीची गोष्ट. ती हसायला लागली. इतकी हसली की साहेब बशी सोडून तिच्याकडे बघायला आले, मिशांवर चहा तसाच.

“सापडला का फॉल्ट?” बाबांनी घाबरत विचारलं.

“सापडला. हा काय, समोर बसलाय. टेस्टर घेऊन.”

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “दूध असू शकतं. आणि चहा तर कुत्र्याला मुळीच देऊ नये, खाज असो वा नसो.” दादा म्हणाला, “आठ आठवडे संपत आले.” ती म्हणाली, “मेन बंदच नव्हता, दादा. घड्याळ आजपासून लावायचं. आणि चूक माझी आहे, हे मी तुला लेखी देते, फ्रेम करून लाव.” बहिणीची चूक लेखी मिळतेय म्हटल्यावर दादा विरघळला. बाबांनी नियमांच्या कागदावर स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं : चहासुद्धा नाही. सही, तारीख.

या खेपेला रेघा घसरल्या त्या परत चढल्या नाहीत. सतरा, नऊ, पाच. काखेत मऊ तांबूस केस उगवले. आठवा आठवडा संपला तेव्हा तिने चमच्यात दूध घेतलं.

“हे काय आता?” बाबा मध्ये आले. “बरे झालेत ना साहेब? कशाला उकरून काढतेस?”

“दुरुस्त केलेली बेल दाबून बघावी लागते, बाबा. नाहीतर वाजते हे कळणार कसं?”

बेल तिसऱ्या दिवशी वाजली. अठ्ठावीस. दूध थांबवलं, दोन आठवड्यांत पुन्हा चार. मग चिकन देऊन बघितलं, काही नाही. पाव, काही नाही.

रविवारी पेटी उघडायची ठरली. तिने आपलं कुलूप काढलं, बाबांनी त्यांचं, काकूंनी पदराची गाठ सोडून त्यांचं. चौथं लटकत राहिलं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम. सगळे दादाची वाट बघत बसले. साहेब पेटीकडे बघत बसले.

दादा आला, दारातच थांबला. साहेब चटईवर उताणे पडले होते, पोट वर, पाय चारी दिशांना. दादाने वाकून त्या पोटावरून उलटा हात फिरवला, आणखी एकदा फिरवला.

“रोपवाटिकेला नाही म्हणून कळवलंय,” तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली.

बाबांनी चहा टाकला. सवयीने कप भरला, अर्धा. उरलेला बशीत ओतला. फुंकर मारली, वाकले, बशी खुर्चीखाली निघालीसुद्धा. साहेबांनी मान वर केली. बाबा तसेच वाकलेले थांबले. मग ती बशी त्यांनी सावकाश वळवली आणि दादाच्या पुढ्यात ठेवली.

“मला बशीत?” दादा म्हणाला.

“साहेबांनी कधी तक्रार केली नाही,” बाबा म्हणाले.