गाळप बंद, चला नदीवर

आमच्या कॉलनीत सुट्टी कॅलेंडर बघून नव्हे, चिमणी बघून ठरायची. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या खोल्यांत आम्ही राहायचो. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की घरोघरचे पुरुष पाळ्यांना जुंपले जायचे, ते थेट ऊन तापेपर्यंत. ना रविवार, ना सण. मधेच कधीतरी उसाच्या गाड्या वेळेवर यायच्या नाहीत आणि गाळप थांबायचं. त्याला सगळे ‘नो केन’ म्हणायचे, शाळेची पायरी न चढलेल्या बायकासुद्धा. चिमणीचा धूर पातळ व्हायला लागला की आम्ही ओट्यावर येऊन वर बघायचो, आणि आत जाऊन दोन भाकरींचं पीठ जास्त घ्यायचो.

तेवढ्यात हे सायकल दामटत यायचे आणि दारातूनच ओरडायचे, “आवर गं पटापट! नो केन हाय! सांजच्या पाळीपातुर मोकळा हाय मी!”

कुठे जायचं ते सायकलवर बसल्यावर ठरायचं. कधी श्रीरामपूरचा बाजार, कधी स्टेशनवर नुसत्या आगगाड्या बघायच्या. मी नगर शहरातली, मॅट्रिक झालेली. माहेरी कुठे जायचं तर आठ दिवस आधी चर्चा आणि आदल्या दिवशी भांडण, असा रिवाज. इथे दहा मिनिटांत घराला कुलूप. पहिल्या वेळी मी चिडले, दुसऱ्या वेळी कुरकुरले, तिसऱ्या वेळी हे यायच्या आधीच चपला घालून ओट्यावर बसले होते.

पण एक गोष्ट मला आतून खात होती. आमचा धाकटा दोन-अडीच वर्षांचा, बापाकडे जायचा नाही. यांनी हात पुढे केले की भोकाड. आणि दोष माझाच होता. रात्रपाळी करून हे दिवसा झोपायचे आणि मी पोराला दटावायची. रडतोस? बाबा उठतील. भांडं आपटलंस? गप, बाबा उठतील. पोराच्या लेखी बाबा म्हणजे चादरीखालचं काहीतरी भयंकर, जे केव्हाही उठेल. हे हसण्यावारी न्यायचे. पण एकदा हे शेजारच्या पोराला खांद्यावर घेऊन नाचवत होते, तेव्हा यांचा फुललेला चेहरा मी पाहिला. आपणच लावलेलं हे भूत आता उतरवायचं कसं, ते मला कळेना.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो हंगाम. माघ सरत आला होता. सकाळी नऊच्या सुमाराला धूर थांबला आणि हे आले. “आज पुनतांब्याला! गोदावरीवर!”

थोरली पाच वर्षांची, ती पुढे दांड्यावर. मी मागे कॅरिअरवर, माझ्या मांडीवर धाकटा, हँडलला भाकरी-ठेच्याचं फडकं. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि थोरली सारखी घंटी वाजवतेय. समोर कुत्रं नाही, माणूस नाही, तरी घंटी. मीही मोठमोठ्यानं गाणी म्हटली. सासरच्या कुणी ऐकली असती तर महिनाभर पुरेल एवढा विषय झाला असता.

नदीत पाणी जेमतेम होतं, पण वाळू म्हणाल तर नजर पोचेपर्यंत. वाळूतच एकाची टरबुजाची वाडी होती. त्यानं बुक्की मारून टरबूज फोडून दिलं आणि आम्ही कोपरापर्यंत ओघळ आणत खाल्लं. यांनी वाळूत हातानं खड्डा खणला, त्यात नितळ पाणी लागलं. थोरली आनंदानं किंचाळली. धाकट्यालाही ते पाणी बघायचं होतं, मान लांब करत होता, पण माझा पदर सोडायला तयार नाही. हे जरा जवळ सरकले की हा दोन पावलं मागे.

यांचं अर्धं लक्ष मात्र आभाळात. भोंगा इतक्या लांब ऐकू यायचा नाही, म्हणून सगळा भरवसा धुरावर. ऊस पाळीच्या आधीच आला, गाळप सुरू झालं आणि माणूस जागेवर नसला तर साहेब सगळ्यांदेखत पाणउतारा करायचे.

“ती चिमणी म्हणजे माझी सवत आहे,” मी म्हटलं. “इथे तरी तिला विसरा.”

आणि नेमका तेव्हाच उंच काठाच्या मागून काळाभोर धूर वर आला.

“सुरू झालं! चला!” हे उठलेच. अर्धं टरबूज तिथेच, फडकं तिथेच. सायकल वर काठावर, बाभळीखाली. मी थोरलीचा हात धरून पळाले. धाकटा वाळूत रुतायला लागला. यांनी मागचापुढचा विचार न करता त्याला उचलून खांद्यावर टाकला आणि धूम ठोकली. पोरानं असा टाहो फोडला की बगळे उडाले. मला थांबताही येईना, हसावं की रडावं तेही कळेना. अर्ध्या चढावर तो टाहो एकाएकी बंद पडला. वर पाहिलं तर पोरानं बापाचे केस दोन्ही मुठींत गच्च धरले होते आणि तोंड उघडं टाकून तो वारा खात होता.

आम्ही वर पोचतो तोच वाडीवाला आमचं फडकं घेऊन मागून धापा टाकत आला. “आवं पाव्हनं, पळताय कशापायी?”

“कारखाना सुरू झाला न्हाई का! धूर बगा की!”

“आवं, त्यो गुऱ्हाळाचा धूर! रस कढतोय तितं.” त्यानं उलट्या दिशेला बोट केलं. “तुमची चिमनी तिकडं हाय.”

खरंच, कारखान्याची चिमणी पार दुसरीकडे, निवांत उभी. नदी वळली होती, हे यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाच हंगाम त्या चिमणीखाली काढलेला माणूस गूळवाल्याचा धूर बघून पळाला! मी चांगलंच फैलावर घेणार होते, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात वरून हुकूम आला, “पल!” आणि बापाच्या छातीवर टाच बसली.

हे पळाले. उतारावरून खाली, पाण्यापर्यंत, परत वर. “पल!” पुन्हा खाली. चौथ्या फेरीला वाडीवालाही हसत तिथेच बसला. थोरली “आता मी, आता मी” करत मागे, आणि मी काठावर उभी राहून वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते. माझे डोळे भरून आले होते, ते मी पुसलेही नाहीत.

संध्याकाळी घरी आलो आणि खरा भोंगा झाला. यांनी खाकी कपडे चढवले, सायकल काढली. धाकटा धावत जाऊन मागच्या चाकाला चिकटला. सोडेचना. मी ओढून काढला तर त्यानं सगळी चाळ गोळा होईल असा आकांत मांडला. मला चावला, लाथा मारल्या, मी नको, बापच हवा! दोन वर्षं उराशी धरलेलं माझं पोर, मला क्षणभर हेवाच वाटला.

“जा ना पटकन,” मी ओरडले, “तुम्ही दिसताय तोवर हा गप्प व्हायचा नाही.”

हे एक पाय जमिनीवर टेकून बघत उभे होते. तिकडे पाळी सुरू झाली होती.

“थांब गं,” हे म्हणाले. “रडू दे की त्याला थोडं.”