तुझ्या हातचं नको

पंधरा एप्रिलला सकाळी मला कागदी कपात कॉफी मिळाली.

आठ महिने मी त्या घरात स्टीलच्या टंबलरातून कॉफी पीत होते. वेस्ट मांबलममधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्या दिवशी घरच्या बाईनं, अक्कानं, ओट्यावर कपांची नवी थप्पी ठेवली, प्लास्टिक फाडलं, एक कप माझ्यापुढं सरकवला आणि वरून कॉफी ओतली. हात उंच धरून. कपाला भांडं लागू नये म्हणून. म्हणाली, "हायजिन. अम्माला इन्फेक्शन नको." बाकीचे सगळे टंबलरातूनच पीत होते. इन्फेक्शन काय फक्त माझ्याच तोंडाला होतं?

कारण मला पक्कं ठाऊक होतं. मी चौदा तारखेची रजा मागितली होती. इकडे त्या दिवशी तमिळ नवं वर्ष असतं, पुत्तांडु. अक्कानं हसून विचारलं होतं, "तुमच्यात पण पुत्तांडु आहे?" मी म्हणाले, "नाही अक्का. आमची जयंती." कुणाची, ते तिला सांगावं लागलं नाही. बँकेत अधिकारी होती ती, कॅलेंडर वाचता येत होतं तिला. तिचं हसू तिथंच विझलं.

मी आजारी माणसांचं करणारी बाई. अटेंडर म्हणतात. हे घर तंजावरकडच्या मराठी ब्राह्मणांचं. अक्काची आई, मी तिला आज्जी म्हणायचे, अर्धांगानं पडलेली. त्या झटक्यात तिचं तमिळ गेलं, इंग्रजी गेलं. उरली ती घरातली जुनी मराठी. ती पोरांना अर्धीमुर्धी कळायची, बोलता तर धड येतच नव्हती. म्हणून एजन्सीकडं मराठी बाई मागितली. मी गेले. नाव विचारलं, गाव विचारलं. आडनाव मी गिळलं. मराठी बोलते म्हणजे आपल्यातलीच, असं त्यांनी धरलं. मी धरू दिलं. पोट होतं ना.

आणि गावाकडं काय होतं आमचं? विहारावरचा पंचशील ध्वज एका सकाळी उतरवलेला दिसला. आम्ही बोललो, तर गिरणीवाल्यानं आमचं दळण बंद केलं, किराणावाला मीठ देईना. पोलीस म्हणाले, "समजुतीनं घ्या." आम्ही समजुतीनं गाव सोडलं. आता इथं वेलचेरीत एक खोली आहे, पावसाळ्यात पलंगाच्या पायापर्यंत पाणी येतं. शेअर ऑटोनं गिंडी, तिथून गाडीनं मांबलम. इथं मला हिंदीकारी म्हणतात, म्हणजे हिंदीवाली. हिंदी मला धड येत नाही, तमिळ कामापुरतं शिकले.

आज्जीनं मात्र लळा लावला होता. "आमच्या मुलखातली गे तू," म्हणायची. तिच्या सात पिढ्यांनी तो मुलूख पाहिला नव्हता. मी तिचं हगणं-मुतणं काढलं, पाठीची जखम महिनाभर धुवून बरी केली. रसम्-भात कालवून एकेक घास भरवायचे. खाल्लं की माझा हात गालाला लावायची. मला माझ्या आईचं असं काही करता आलं नव्हतं, म्हणून असेल, मी मन लावून करायचे.

कागदी कपाच्या त्याच सकाळी अक्का आज्जीच्या उशाशी बसून मोडक्या मराठीत बोलली. मी मोरीत चादर पिळत होते. "अम्मा, ती आपल्यातली नाही. त्यांच्यातली आहे." एवढंच.

दुपारी मी घास नेला. आज्जीनं तोंड मिटलं. मी म्हणाले, "आज्जी, आ करा." तिनं मान भिंतीकडं वळवली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या हातचं मज नको गे."

खोलीत आम्ही दोघीच होतो. घास माझ्या बोटांतच राहिला. मी तो बशीत टाकला आणि बाहेर येऊन अक्काला सांगितलं, "खात नाहीत." पुढचं सांगितलं नाही. लाज वाटली. लाज तिला वाटायला हवी होती, पण वाटली मलाच.

तीन दिवस हेच. मी गेल्यावर अक्का पेलाभर दूध पाजायची, तेवढं ती घ्यायची. त्यावर कुणी विचार केला नाही. घरी येऊन तपासणारे डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

अक्काचा भाऊ कॅनडात असतो, नव्या वर्षासाठी आला होता. तो म्हणाला, नळी नको. हॉलमध्ये सगळे बसले. तो, त्याची बायको, अक्का, तिचा नवरा. तो समजावत होता, तिकडे कायदा आहे, माणूस स्वतः ठरवतो कधी जायचं, डॉक्टर मदत करतात, किती सुंदर निरोप असतो. अम्मानं अन्न सोडलंय, म्हणजे तिनं ठरवलंय. तिचा मान ठेवू या.

मी दाराशी उभी होते आणि माझा जीव जळत होता. खोटं कशाला बोलू? जळत होता. माझी आई जिल्ह्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात मेली, खाली गोधडी टाकून. तिला कुणी विचारलं नाही की बाई तुला जगायचंय का मरायचंय. आणि इथं एका म्हातारीच्या मरणासाठी चार माणसं पंख्याखाली बसून विचार करतात. मेलं तरी ह्यांचंच चांगलं!

हाच भाऊ आदल्या दिवशी सांगत होता की तिकडे आपल्या धर्माला फार त्रास देतात. शेजाऱ्यानं पूजेच्या घंटीवरून कटकट केली. ह्यानं लेखी तक्रार केली. त्या बिल्डिंगवाल्यांनी माफीचं पत्र दिलं. मोबाईलवर ते पत्र सगळ्यांना दाखवत होता. त्या पत्राचा मला हेवा वाटला. आमच्या ध्वजासाठी, आमच्या दळणासाठी माफीचा एक चिटोरा तरी कुणी दिला?

मग त्यानं मला आत बोलावलं. इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या होत्या. अक्कानं अर्थ सांगितला. अम्मानं माझ्याजवळ स्वतःच्या इच्छेनं अन्न नाकारलं, तिला पुढं जगायचं नाही असं ती म्हणाली. डॉक्टरांना दाखवायला. "तिची भाषा तुलाच येते. सही कर."

म्हणजे कपाला माझे ओठ चालत नव्हते आणि कागदाला माझी सही चालत होती.

आता खरं सांगते. पेन मी हातात घेतलं. मनात आलं, कर सही. तिला तुझा हात नको ना? मरू दे तिच्या सोवळ्यासकट. दोन बोटांचं काम. कुणाला कळणारही नव्हतं. असा विचार मी केला, पुरता केला.

इच्छामरणाला माझा विरोध नाही. माणसं कुजत पडलेली मी पाहिलीत, "सोडवा मला" म्हणून हात जोडणारी पाहिलीत. त्यांना सोडवायला हवं. पण ही म्हातारी मरण मागत नव्हती. ती भुकेली होती. तिसऱ्या दिवशी तर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की मान वळवून बघत होती.

मी पेन ठेवलं.

म्हणाले, "त्यांना मरायचं नाही. त्यांना माझ्या हातचं नको आहे. मी बौद्ध आहे हे तुम्ही त्यांना सांगितलंत, त्या दुपारपासून तोंड मिटलंय. घास तुम्ही भरवा, अक्का. खातील."

भाऊ बहिणीकडं बघायला लागला. अक्का खाली फरशीकडं बघत होती. तिला आधीच कळलं होतं, असं मला आजही वाटतं. भाऊ म्हणाला, "हे शक्य नाही. आमच्या घरात असं काही पाळत नाहीत."

मी म्हणाले, "मग भरवून बघा."

अक्कानं भात कालवला. आठ महिन्यांत मी पहिल्यांदाच पाहिलं. घट्टच कालवला, मीच म्हणाले, "रसम् अजून घाला, घशात अडकेल." आज्जीनं आ केला. सहा घास खाल्ले. सातव्याला अक्काचा हात धरून गालाला लावला.

आठ महिने मी राबले आणि गाल मिळाला हिला. भाऊ रडत होता. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

मी पिशवी उचलली. अक्का दारापर्यंत आली. म्हणाली, "तू राहा ना. अम्माला सांगू, तू आपल्यातलीच आहेस, माझी चूक झाली. एक खोटं, तिच्यासाठी."

"ते खोटं मी आठ महिने बोलले, अक्का. आता नाही."

एजन्सीच्या बाईला मी त्याच दिवशी सांगितलं, माझ्या फॉर्मवर आडनाव लिही, धर्म लिही, मोठ्या अक्षरात. ती म्हणाली, "कामं कमी मिळतील." मिळाली कमी. दीड महिना घरी बसले.

मग नुंगंबाक्कमला एका निवृत्त मास्तरांचं काम आलं. पहिल्या दिवशी त्यांच्या सुनेनं दार उघडलं, म्हणाली, "या, आत या." मी चप्पल काढली नाही. म्हणाले, "मी बौद्ध आहे. ह्याच हातानं घास भरवणार आहे. आधी आत जाऊन त्यांना विचारून या. मी इथंच उभी आहे."

ती गोंधळली. म्हणाली, "अहो, आमचं असं काही नसतं."

"तरी विचारा," मी म्हणाले. "मला ऐकू येईल असं विचारा."