जुने पत्ते बंद केले तो शुक्रवार
उदबत्तीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसातली शुक्रवारची पूजा आठवते. इंटरनेटचे जुने पत्ते कधीतरी संपणार, म्हणून आम्ही कंप्युटरांना नवे, लांबलचक पत्ते देत होतो. बाहेरचं जग अजून जुनेच पत्ते ओळखायचं, त्यामुळे दोन्ही सोबत चालवायचे ठरले होते. शेजारी बसणाऱ्या, बेळगावकडच्या अण्णांनी, त्यांच्यावर रुसून अमेरिकेला गेलेल्या मुलाला पहिल्यांदाच मेल लिहिला होता. "जुनं स्वल्प राहू दे की रे, पोराचं उत्तर यायचंय," ते म्हणाले. "अण्णा, पोरगा काय बैलगाडीनं पाठवतोय?" मी हसलो, आणि पूजेच्या भरात, सगळं नव्यावर आणलं म्हणून साहेबांसमोर मिरवायला, जुने पत्ते बंद करून टाकले. बाहेरचे मेल येत नाहीत हे कळून ते परत सुरू होईपर्यंत आठवडा गेला. अण्णा त्याच पावसाळ्यात वारले. दिवसांना आलेला मुलगा मला म्हणाला, "काका, मी उत्तर लिहिलं होतं. ते परत आलं. वाटलं, बाबांनीच दार लावून घेतलं." मी त्याला पाणी दिलं, खरं सांगितलं नाही. आता तोही अण्णांच्या वयाला आला असेल. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याला कळावं, की ते दार मी लावलं होतं, आणि अण्णा शेवटपर्यंत रोज सकाळी येऊन आधी त्याचा मेल आलाय का ते बघत होते.