मशीनला तोंड दिसत नाही

पहूरच्या स्टँडवर जीवरामनानांची पानटपरी आहे. गुडघे गेले तसं त्यांना दिवसभर बसणं होईना. मुलगा योगराज म्हणाला, "स्टेशनवर बिस्किटांचं असतं तसं मशीन बसवू. पैसे टाकले की बिडी-तंबाखू आपोआप बाहेर. तुम्ही घरी बसून देवाचं नाव घ्या." नानांना देवच पावल्यासारखं झालं.

पण जळगावहून आलेला मशीनवाला ऐकताच हात जोडून उठला. "तंबाखू मशीनमधून विकायला कायद्याने बंदी आहे, नाना. घेणारा अठरा वर्षांचा आहे की नाही, हे मशीनला कसं कळणार?"

योगराज हिरमुसला. तेवढ्यात शेजारची पुनम, सातवीतली पोर, नेहमीसारखी आजीची तंबाखूची मिसरी न्यायला आली. म्हाताऱ्यांची मिसरी-बिडी पोरांनीच आणून द्यायची, ही गावाची रीतच. नानांचा हात सवयीने डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षं समोर कोण आहे ते न बघता पुडी पुढे करत आलो, मग आपण तरी मशीनहून वेगळे कुठे होतो?

"आजीला म्हणावं, तुम्हीच या."

घटकाभरात भिकुबाई काठी टेकत आल्या. "माह्या नातीले रिकामी धाडली? इतका कायदा कधी शिकला रे, जीवराम?"

"आजच, अक्का," म्हणत नानांनी त्यांना बसायला स्टूल सरकवलं. मग योगराजला म्हणाले, "गुडघे दुखले तर दुपारी टपरी बंद ठेवू. पण उघडी असेल तेव्हा इथे माणूसच बसेल."