मंदूबचाचा आणि माझा बुधवार

मंदूबचाचा कोणाचंही काम 'झालं' असं कधी म्हणत नसत. मोबाइलवर व्हिसा मंजूर झाल्याचा मेसेज आला तरी त्यांचं उत्तर 'चाललंय'. "अहो चाचा, मेसेज आला ना?" म्हटलं की म्हणत, "मेसेज काय, लॉटरी लागल्याचाही येतो. कार्ड हातात घे, मग नाच."

आखातातल्या बहुतेक कंपन्यांत एक मंदूब असतो. सगळ्यांच्या व्हिसाचे, कराराचे कागद घेऊन सरकारी दारांत उभं राहणं हे त्याचं काम. आमचे चाचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, वय त्रेसष्ट, दुबईत पस्तीस वर्षं. कागदाला घडी पडू नये म्हणून इस्त्रीचे कपडे न्यावेत तसे दोन्ही हातांवर आडवे धरून चालत. कारभार ऑनलाइन झाल्यावरही सरकारला ते 'खिडकी'च म्हणत. मी अकाउंट्समधला, दिरहमच्या फिल्सचाही, म्हणजे इथल्या पैशांचाही हिशोब ठेवणारा, म्हणून माझं नाव त्यांनी 'बेरीज' ठेवलं होतं. "आली बेरीज! बोल, किती फिल्स कमी पडले आज?"

गेल्या वर्षी कंपनी एका प्रायोगिक योजनेत सामील झाली. पाच वर्षांखालचं मूल असलेल्यांनी आठवड्याला चारच दिवस काम करायचं. करारातला पगार वीस टक्क्यांनी उतरणार आणि त्या कपातीचा पाऊण भाग सरकार वेगळा देणार. अर्ज करायला कोणी धजेना. इथे आपण होऊन काही मागितलं की नाव यादीत जातं, आणि माणसं कमी करायची वेळ आली की तीच यादी काढतात, ही प्रत्येकाची भीती.

मी तक्ता केला. माझा पगार चार हजार आठशे दिरहम. करारात उरणार तीन हजार आठशे चाळीस, सरकारचे सातशे वीस. तोटा दोनशे चाळीसचा, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या वर. पण सुट्टी बुधवारी घेतली तर महिन्याचे चार बुधवार मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचे साठ-साठ वाचणार, तेही दोनशे चाळीस. फरक शून्य. तक्ता बघून चौघांनी सह्या केल्या. पाचवी माझी.

माझा मुलगा अन्वय तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. पहिल्या बुधवारी मी घरातच फिरतोय हे बघून त्यानं काळजीनं विचारलं, "बाबा, ऑफिस ब्रोकन?"

दोन महिने सुखाचे गेले. अन्वयच्या व्हिसाची मुदत संपायला अकरा दिवस होते, तेव्हा सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून चाचांचा फोन आला.

"सामंत, बसलायस का?"

बेरीज न म्हणता सामंत म्हणाले, तेव्हाच मी खुर्ची ओढली.

"खिडकीला तुझ्या करारातले तीन हजार आठशे चाळीस दिसतात. कुटुंब इथे ठेवायला चार हजार लागतात."

"पण वरचे सातशे वीस सरकारच देतंय की!"

"हिशोब बरोबर आहे रे तुझा. खिडकी तुझा हिशोब वाचत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तक्ता सगळ्या ऑफिसला दाखवलास. मला दाखवलास?"

नव्हता दाखवला. कागद पोचवणाऱ्या माणसाला काय दाखवायचं, असं मला वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते. बाकी चौघांचे पगार पाच हजारांच्या वर, ते सुटले. अडकलो मी एकटा, तक्ता करणारा. मुलासाठी घेतलेल्या दिवसापायी मुलालाच गावी पाठवायची वेळ आली. मेघना, माझी बायको, एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या शून्यात आता आम्ही दोघं का रे?"

योजनेतून बाहेर पडण्याचा अर्ज मी लिहिला. चाचांनी तो वाचला आणि फाडला. "एकदा सोडलास की परत मिळणार नाही. बुधवार द्यायचा नाही." करारात कंपनीचं घर असेल तर तीन हजारांवरही भागतं, हे त्यांना ठाऊक होतं. माझा घरभत्ता आठशे. घर मिळालं की तो बंद; तो वजा केला तर तीन हजार चाळीस उरत. चाळीस दिरहमांनी पार.

आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, कंपनीचं एकही घर रिकामं नाही.

"एक होतंय," चाचा म्हणाले.

कंपनीनं इंटरनॅशनल सिटी या वस्तीत दिलेली ती खोली त्यांचीच होती. "मी नाहीतरी गावी जायचाच आहे. तोवर दीड तासावर खोर फक्कानला पुतण्याकडे राहीन."

त्यांच्या कराराचे अजून चौदा महिने बाकी होते. तो आकडा माझ्याच कॉम्प्युटरवर होता. बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "माझी तिन्ही पोरं गावी वाढली. दोन वर्षांतून दोन महिने बाप दिसायचा. धाकटा दहा वर्षांचा होईपर्यंत... जाऊ दे, तू लगेच गुणाकार करशील."

मी केला होता. तीनशे दिवस.

दहाव्या दिवशी अन्वयचं कार्ड आलं. पुढच्या महिन्यात चाचा गावी गेले. स्वतःचा व्हिसा रद्द करण्याचे कागदही त्यांनी स्वतःच केले. मदत करू का विचारलं, तर म्हणाले, "तू? नको रे बाबा!"

गावी गेल्यापासून दर बुधवारी सकाळी दहाला त्यांचा फोन येतो. माझ्याशी दोन वाक्यं, मग "पोराला दे." अन्वय इंग्रजीत बोलतो, चाचा त्यांच्या कोकणीत, आणि वीस मिनिटं दोघांचं छान चालतं.

या जानेवारीत वर्षअखेरचे हिशोब अंगावर आले. मॅनेजर म्हणाले, "एकच बुधवार, सामंत." मी गेलो. दहाला मोबाइल वाजला.

"पोराला दे."

"चाचा, ऑफिसात आलोय. आजच्या दिवसच."

आता चिडवतील, म्हणून मी वाट बघत होतो.

"मग माझी खोली मला परत दे," चाचा म्हणाले.

ते थट्टेत बोलत नव्हते. रकाना अर्धा होता. तो तसाच सोडून मी बॅग उचलली आणि मॅनेजरच्या केबिनच्या काचेवर टकटक केली.